उपड्या ग्लासात पाणी का चढते?

बशीतल्या पाण्यात उभ्या केलेल्या पेटत्या मेणबत्तीवर काचेचा ग्लास उपडा ठेवला की पाणी आत चढते, ते ज्योतीने ऑक्सिजन संपवल्यामुळेच का, असे आपण विचारले आहे. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो आणि पाणीही कधीकधी ग्लासच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास चढते, त्यामुळे हे स्पष्टीकरण पटकन पटते. पण हा निव्वळ योगायोग आहे.

मुळात ज्योत सगळा ऑक्सिजन वापरतच नाही. त्याचे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास उतरले की ती विझते. शिवाय जेवढा ऑक्सिजन खर्च होतो, त्याच्या साधारण दोन तृतीयांश आकारमानाचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो एवढ्या थोड्या वेळात पाण्यात फारसा विरघळत नाही. ज्वलनातून निघालेली वाफ मात्र काचेवर थेंबांच्या रूपाने जमते. हा सगळा हिशेब मांडला तर ज्वलनामुळे वायूत होणारी घट जेमतेम दोन टक्क्यांच्या घरात येते.

खरे काम उष्णता करते. ग्लास खाली आणताना ज्योतीभोवतालची तापलेली, प्रसरण पावलेली हवा त्यात भरते आणि तिच्यातली काही काठाखालून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेरही पडते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होते, आतला दाब घटतो आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब पाणी आत ढकलतो. ८० अंश सेल्सिअसची हवा २७ अंशांवर आली, तर तेवढ्यानेच तिचे आकारमान १५ टक्क्यांनी घटते.

पडताळा घरीच घेता येतो. पाणी मुख्यतः ज्योत मंदावताना आणि विझल्यानंतर झपाट्याने चढते, याकडे लक्ष द्यावे. त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या लावल्या तर ऑक्सिजन तेवढाच असूनही पाणी अधिक उंच जाते. ज्योतीशिवायही, गरम पाण्याने विसळलेला ग्लास लगेच उपडा ठेवला तर थोडे पाणी चढते (काच जाड असल्यास ती तडकू शकते, म्हणून पाणी उकळते नसावे).

ऑक्सिजन खरोखर संपल्याचा परिणाम पाहायचा असेल, तर साध्या लोखंडाची बारीक तार व्हिनेगरमध्ये भिजवून, झटकून ग्लासच्या तळाशी घट्ट बसवावी आणि ग्लास पाण्यात उपडा ठेवावा. गंजण्यात ऑक्सिजन खर्च होतो आणि त्याच्या जागी वायू तयार होत नाही, त्यामुळे पाणी तासन्‌तास हळूहळू चढत जवळपास पाचव्या हिश्श्यापाशी थांबते. स्टेनलेस स्टीलची घासणी येथे चालत नाही, कारण ती सहसा गंजत नाही.