टेक्सासमध्ये घर घेतलंय, एच-वन-बी व्हिसावर आहे. होमस्टेड एक्झेम्प्शन, म्हणजे राहत्या घरावरची करसवलत, मिळेल का? त्याने नक्की काय फरक पडतो?

मिळेल. अर्जात नागरिकत्वाची अट नाही. घर तुमच्या नावावर हवं, तुम्ही स्वतः त्यात राहत असायला हवं आणि टेक्सासच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर त्याच घराचा पत्ता हवा. म्हणून आधी लायसन्सवरचा पत्ता बदलून घ्या. आमचा अर्ज नेमका त्यासाठीच परत आला होता.

पुण्यात स्वतः राहत्या घराला घरपट्टीत ४० टक्के सवलत मिळते, तोच विचार इथेही आहे. इथल्या घरपट्टीतला सगळ्यात मोठा वाटा शाळांचा. तो आकारताना राहत्या घराच्या किमतीतून ठरावीक रक्कम वजा करतात. २०२२ मध्ये ती ४० हजार डॉलर होती, २०२३ मध्ये १ लाख झाली आणि नोव्हेंबर २०२५ च्या मतदानानंतर १ लाख ४० हजार. घर साडेचार लाखांचं असेल तर शाळेचा कर ३ लाख १० हजारांवरच लागेल. दर १ टक्का धरला तर वर्षाला १,४०० डॉलर वाचले.

पण माझ्या मते त्याहून मोलाची आहे ती १० टक्क्यांची मर्यादा. बाजारभाव कितीही चढला तरी राहत्या घराची करपात्र किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. २०२२ मध्ये आमच्या भागात किमती भडकल्या तेव्हा या एका नियमाने आम्हाला सावरलं. ही मर्यादा सवलत मिळाल्याच्या पुढच्या वर्षापासून लागू होते, त्यामुळे अर्ज एक वर्ष लांबवलात तर तीही लांबते.

आता संरक्षणाचं. १८३७ च्या मंदीत कर्जापायी लोकांची घरंदारं गेली, तेव्हा टेक्सास स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. १८३९ मध्ये त्यांनी राहतं घर सावकाराच्या जप्तीतून वगळलं. आज ते राज्यघटनेतच आहे: क्रेडिट कार्ड किंवा हॉस्पिटलचं बिल थकलं म्हणून कुणी तुमचं राहतं घर विकायला लावू शकत नाही. मॉर्गेजची (गृहकर्जाची) बँक, थकलेली घरपट्टी आणि बहुतेक ठिकाणी एचओएची, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीची वर्गणी मात्र याला अपवाद आहेत. नोकरी गेली तर आधी हे तीन हप्ते सांभाळा, कार्डाचं नंतर बघता येईल.

आईवडिलांच्या आजारपणासाठी भारतात जाऊन राहावं लागलं तर घाबरू नका. परत यायचा इरादा असेल आणि दुसरं घर मुख्य राहतं घर म्हणून केलं नसेल, तर दोन वर्षांपर्यंत सवलत टिकते.

अर्जाचा नमुना ५०-११४, तुमच्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे करासाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाच्या साइटवर असतो. मुदत ३० एप्रिलची, पण उशिरा भरलेला अर्जही घेतात. पैसे एक डॉलरही लागत नाहीत. घर घेतल्यावर सरकारी दिसणारी पत्रं येतील, ‘आम्ही अर्ज भरून देतो, इतकी फी पाठवा’ अशी. ती सरळ फाडून टाका.