वाचकांचे प्रश्न : कविता केली म्हणून जेल?

प्रश्न : जुन्या चीनमधला सू दोंगपो नक्की कोण, कवी की सरकारी अधिकारी? आणि त्याला कवितांवरून जेलमध्ये टाकलं होतं म्हणे, असं काय लिहिलं होतं त्याने?

उत्तर : दोन्ही होता, आणि तिकडे त्यात नवल नव्हतं, कारण सुंग राजवटीत त्या काळी अधिकारी व्हायची परीक्षा द्यायची तर जुने ग्रंथ, निबंध आणि कविता सगळंच यावं लागायचं. सू शी (दोंगपो हे नाव नंतरचं) १०३७ चा, सिचुआनमधल्या मैशानचा, १०५७ मध्ये तो आणि त्याचा धाकटा भाऊ एकदमच पास झाले.

आता जेलचं. वांग आनशी या मंत्र्याने नवे कायदे आणले होते, त्यात शेतकऱ्याला पीक येण्याआधी सरकारी कर्ज, व्याज साधारण २० टक्के. हेतू चांगलाच होता हो, शेतकरी सावकाराच्या तावडीतून सुटावा हा. पण सू तेव्हा हांगचौला नोकरीत होता, खेड्यापाड्यांत फिरायचा, आणि एका कवितेत त्याने लिहिलं की या कर्जाचा फायदा एवढाच, पोरांची बोली शहरी झाली, कारण अर्धं वर्ष शहरातच खेटे घालण्यात जातं! दुसऱ्या एका कवितेत सत्तर वर्षांचा म्हातारा डोंगरात बांबूचे कोंब शोधतोय आणि तीन महिने जेवणात मीठ नाही, हा टोमणा मिठाच्या कडक कायद्यांना. १०७९ मध्ये सूच्या विरोधकांनी असल्या ओळी शोधशोधून काढल्या, बादशहाची बदनामी म्हणून केस केली आणि साहेब चारेक महिने आत.

जीव वाचला पण रवानगी ह्वांगचौला (हांगचौ नव्हे, हे दुसरं गाव), पद नावापुरतं. पैशाची ओढाताण इतकी की महिन्याच्या सुरुवातीला ४५०० नाणी काढून तीस माळा करायचा, प्रत्येकीत १५०, त्या तुळईला टांगायच्या, रोज सकाळी काठीने एक काढायची आणि मग काठीच लपवून ठेवायची!! दिवसाच्या खर्चातून उरलेली नाणी बांबूच्या नळकांड्यात, पाहुण्यांसाठी. तिथेच गावाच्या पूर्वेच्या उतारावर शेती केली, त्यावरून दोंगपो, म्हणजे पूर्वेचा उतार.

मला हा माणूस खरा आवडतो तो पुढच्या भागामुळे. १०८५ मध्ये बादशहा गेला, वांगचा विरोधी गट सत्तेत आला, सूला मोठं पद मिळालं. नवा प्रमुख सिमा ग्वांग वांगचे सगळेच कायदे मोडीत काढायला निघाला, तेव्हा हाच सू म्हणाला की वेठबिगारीऐवजी पैसे घ्यायचा कायदा चांगला चाललाय, तो राहू द्या. झालं, आता आपलेही नाराज. शेवटी हांगचौला बदली मागून गेला, गाळाने भरलेलं पश्चिम सरोवर उपसून घेतलं आणि त्याच गाळाचा बांध घातला. १०९४ मध्ये वांगवाले परत आले आणि याला दक्षिणेला, मग १०९७ मध्ये पार हैनान बेटावर धाडलं. माफी मिळाली ११०० मध्ये, पुढच्याच वर्षी चांगचौला वारला.

वाचायचं असेल तर १०८२ मधली लाल कड्यावरची दोन गद्यकाव्यं आधी घ्या, ह्वांगचौच्या दिवसांतलीच आहेत.