हॅचबॅकच्या डिकीत दुसरा दहा इंची सबवूफर (फक्त बेस वाजवणारा स्पीकर, थोडक्यात सब) लावल्यावर गाडीतला बेस कमी का झाला? दुकानदार म्हणतो तसं, दोन्ही सब समोरासमोर ठेवल्यामुळे असेल का?

तोंडं समोरासमोर आहेत म्हणून नाही. दुकानदाराने सांगितलेलं हे कारण बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळतं, पण ते हॅचबॅकच्या डिकीला लागू पडत नाही. ५० हर्ट्झच्या, म्हणजे बेसच्या आवाजाच्या एका लाटेची लांबी जवळजवळ ७ मीटर असते. दोन आवाजांनी एकमेकांना मारायचं तर त्यांच्या कानापर्यंतच्या अंतरात निम्म्या लांबीचा, म्हणजे साडेतीन मीटरचा फरक पडायला हवा. तुमचे दोन्ही दहा इंची सब हातभर अंतरावर आहेत. तोंडं कुठेही करा, बेस एवढा गायब होणार नाही.

माझा संशय एका सबच्या प्लस-मायनसवर आहे. एका सबचा कोन (पुढे-मागे हलणारा पडदा) बाहेर येताना दुसऱ्याचा आत जात असेल, तर हवा नुसती इकडून तिकडे सरकते. खात्री करायला ५० हर्ट्झचा टोन हळू आवाजात लावा आणि अँप (अँप्लिफायर) बंद करून फक्त एका सबच्या वायरी उलट करा. पुन्हा लावल्यावर बेस एकदम भरून आला, तर जोडणी उलटी होती.

कोणता सब उलटा आहे हे शोधायला ९ व्होल्टचा सेल पुरतो. अँपकडून येणाऱ्या वायरी सोडवा, सेलचा प्लस सबच्या प्लसला आणि मायनस मायनसला क्षणभरच टेकवा. कोनवर बोटं हलकी ठेवलीत तर तो बाहेर उसळलेला स्पष्ट कळतो. आत गेला तर बॉक्सच्या आतली वायर उलटी आहे. बाहेरून लाल टर्मिनलला लाल वायर दिसते, म्हणून त्यावर विसंबू नका.

सब ड्युअल कॉइलचे, म्हणजे कोन हलवणाऱ्या तारेची दोन वेटोळी असलेले असतील तर प्रत्येक कॉइल वेगळी तपासा. एकाच सबमधली एक कॉइल उलटी लागली की कोन जेमतेम हलतो आणि कॉइल मात्र तापत राहते. असं चालवलं तर सब जळतो. ४ ओमच्या (ओम म्हणजे विजेला होणारा विरोध) ड्युअल कॉइलचे दोन सब असतील तर प्रत्येकाच्या कॉइल सिरीजमध्ये (एकामागोमाग एक) घेऊन मग दोन्ही सब पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) करा, अँपला ४ ओम दिसतील. चारही कॉइल पॅरलल केल्या तर १ ओम होतो, तो सगळ्या अँपना झेपत नाही.

जागेचा प्रश्न खरा येतो तो पुढच्या दारांतल्या स्पीकरशी. ८० हर्ट्झच्या आसपास सब आणि ते स्पीकर दोन्ही वाजतात, अंतरं वेगळी असतात, शिवाय क्रॉसओव्हर (कोणते सूर कोणत्या स्पीकरला जायचे ते वाटणारा भाग) फेजही, म्हणजे लाटांची वेळही, सरकवतो. ड्रायव्हरच्या सीटवर बसा, काचा बंद ठेवा आणि कोणाला तरी अँपचा फेजचा स्विच ० वरून १८० वर करायला सांगा. जिथे बेस जास्त आणि पुढून आल्यासारखा वाटेल ते ठेवा. मी हॅचबॅकमध्ये बॉक्सचं तोंड डिकीच्या दाराकडे करतो, मध्ये वीतभर जागा सोडून. बहुतेक गाड्यांत तेच चांगलं वाजतं, पण तुमच्या गाडीत दोन्ही बाजूंनी ऐकून बघा.

आणि नवा सब पोर्टवाल्या (हवेसाठी भोक असलेल्या) बॉक्समध्ये, जुना सीलबंद बॉक्समध्ये असं काही केलं आहे का? त्या दोघांचा फेज खालच्या सुरांत जुळत नाही, तेव्हा दोन्ही एकाच प्रकारच्या बॉक्समध्ये घाला. एवढं करूनही फरक पडला नाही तर बॉक्सचं माप आणि अँपचं मॉडेल लिहा, बघून सांगतो.