युवक शाखेची विक्री आणि मातृसंस्थेचा वाटा : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

दिवाळीचे स्टॉल आवरले की अनेक संस्थांच्या युवक शाखा आणि त्यांचे विश्वस्त यांच्यात नफ्याच्या वाटणीवरून ताण निर्माण होतो. नाशिक शहर आणि परिसरातून या विषयावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या युवक शाखेने गंगापूर रोडवर आकाशकंदील, पणत्या आणि उटणे यांचा स्टॉल लावला. एकूण विक्री १,८०,००० रुपयांची झाली. कोषाध्यक्षांचे म्हणणे आहे की विक्रीच्या २५ टक्के रक्कम संस्थेच्या सर्वसाधारण निधीत जमा करावी. मुलांना हा अन्याय वाटतो. योग्य प्रमाण कोणते?

उत्तर : टक्केवारीकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट मुलांना प्रेमाने, पण स्पष्टपणे सांगायला हवी. युवक शाखेची स्वतंत्र नोंदणी नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने ती संस्थेचाच भाग असते आणि स्टॉलवर जमा झालेला प्रत्येक रुपया संस्थेचा असतो. त्यामुळे पैसा कोणाचा, हा वादाचा मुद्दा होऊ शकत नाही. तो पैसा कशासाठी खर्चायचा आणि ते कोणी ठरवायचे, एवढाच खरा प्रश्न आहे.

आता कोषाध्यक्षांची मागणी तपासू. आपण कळवल्यानुसार माल आणि पॅकिंगसाठी १,०५,००० रुपये, जागेच्या भाड्यासाठी १२,००० रुपये आणि छपाईसाठी ३,००० रुपये खर्च झाले, म्हणजे निव्वळ नफा ६०,००० रुपये उरला. विक्रीच्या २५ टक्के म्हणजे ४५,००० रुपये होतात, आणि ही रक्कम नफ्याच्या तब्बल ७५ टक्के आहे. कोषाध्यक्षांचा हेतू वाईट असेल असे मला वाटत नाही. परंतु वाटा विक्रीवर काढायचा की निव्वळ नफ्यावर, हे आधी न ठरवल्यामुळे ऐकायला माफक वाटणारा आकडा मुलांच्या पंधरा दिवसांच्या कष्टांतले जवळजवळ सर्व काही घेऊन जातो. म्हणून वाटा नेहमी निव्वळ नफ्यावरच काढावा.

संस्थेने सभागृह दिले, वीज दिली, सुरुवातीची उचल दिली आणि मुख्य म्हणजे आपले नाव दिले. संस्थेच्या नावावर विश्वास ठेवूनच लोक खरेदी करतात, हे मुलांनीही विसरू नये. विजेचे बिल, वाहनाचे इंधन असा संस्थेचा प्रत्यक्ष झालेला खर्च नफा काढण्यापूर्वीच वजा करावा. मात्र एरवी रिकाम्या राहणाऱ्या सभागृहाचे भाडे बाहेरच्या माणसाकडून घेतात त्या दराने लावू नये, कारण तो खर्च झालेलाच नसतो. एवढे केल्यावर उरलेल्या नफ्यातील १० ते २० टक्के रक्कम सर्वसाधारण निधीत आणि बाकीची ‘युवक उपक्रम निधी’ या स्वतंत्र शीर्षाखाली ठेवणे मला न्याय्य वाटते. हे शीर्ष ताळेबंदात दिसले पाहिजे. केवळ तोंडी आश्वासन पुढच्या कार्यकारिणीला माहीतही नसते.

विश्वस्तांची एक अडचण मात्र रास्त आहे आणि ती मुलांना क्वचितच कोणी समजावून सांगते. आयकराची सवलत टिकवण्यासाठी धर्मादाय संस्थेला वर्षाच्या उत्पन्नातील किमान ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करावी लागते. दिवाळीतला नफा मुलांनी मे महिन्यातील शिबिरासाठी राखून ठेवला, तर ३१ मार्चला तो न खर्चलेल्या उत्पन्नात मोजला जातो. म्हणून काही कोषाध्यक्ष मार्चमध्ये घाईने ही रक्कम दुसरीकडे वळवतात. याला मार्ग आहे : विशिष्ट कारणासाठी, विहित अर्ज मुदतीत भरून, रक्कम पुढील ५ वर्षांपर्यंत राखून ठेवता येते. शिबिराची योजना हिशेबतपासनीसांना वेळेत कळवा, म्हणजे ही घाई टळेल. पुढच्या वर्षी वाटणीचा ठराव माल खरेदी करण्यापूर्वीच कार्यकारिणीत मंजूर करून घ्यावा आणि त्याची प्रत युवक शाखेला द्यावी.

प्रश्न : नाशिकरोडच्या आमच्या शाखेत विक्रीचे पैसे एका कार्यकर्त्याच्या मोबाइलवरील क्यूआर कोडवर घेतले जातात आणि नंतर संस्थेला दिले जातात. यात काही गैर आहे का? आम्ही स्वतंत्र खाते उघडू शकतो का?

उत्तर : ही पद्धत आजच थांबवावी. तो तरुण कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या खात्यात आलेली रक्कम प्रथमदर्शनी त्याचीच दिसते, आणि उद्या आयकर विभागाने विचारणा केल्यास उत्तर त्यालाच द्यावे लागेल. सोय म्हणून पुढे केलेल्या मुलावर एवढे ओझे टाकण्याचा संस्थेला अधिकार नाही. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार नोंदणीकृत संस्थेने नियमित हिशेब ठेवणे आणि ते तपासून घेणे बंधनकारक आहे; वैयक्तिक खात्यातून फिरून आलेल्या पैशाचा माग तपासनीसाला लागत नाही.

काही सदस्यांच्या नावे संयुक्त खाते काढणे हाही उपाय नव्हे. विश्वस्त मंडळाच्या ठरावाने संस्थेच्याच नावे आणि संस्थेच्याच पॅनवर दुसरे बचत खाते उघडावे, त्यावर एक विश्वस्त आणि युवक शाखेचा एक सज्ञान पदाधिकारी अशा दोघांच्या सह्या असाव्यात आणि क्यूआर कोड त्या खात्याचा घ्यावा. त्यामुळे मुलांना व्यवहार हाताळता येतो आणि संस्थेची जबाबदारीही सुटत नाही. रोख रक्कम रोजच्या रोज मोजून, दोघांच्या सहीने नोंदवून, शक्य तितक्या लवकर बँकेत भरावी.

आम्ही स्वतंत्रच आहोत, अशी भूमिका घेणाऱ्या शाखांनी एक लक्षात घ्यावे. नोंदणी नसलेल्या गटाला धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल, तर याच अधिनियमाच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळे दरवर्षी घेतात तीच ही परवानगी.

प्रश्न : सातपूरमधील आमच्या किशोर गटात जो मुलगा जास्त फराळाचे डबे विकेल, त्याला हिमालयातील ट्रेकच्या शुल्कात तेवढी सूट देण्याचा विचार आहे. यामुळे मुलांना उत्साह येईल. आपले मत काय?

उत्तर : माझे मत ठामपणे विरुद्ध आहे. धर्मादाय संस्थेचे उत्पन्न व्यक्तीच्या खाजगी लाभासाठी वापरता येत नाही, हे तत्त्व येथे लागू होते. अमेरिकेतील गर्ल स्काऊट्सची कुकी विक्री १९१७ मध्ये ओक्लाहोमा राज्यातील मस्कोगी येथील एका पथकाने शाळेत सुरू केली आणि आज ती तेथील मुलींच्या निधी संकलनाचे सर्वांत परिचित रूप आहे. तेथेही बेकरीचे पैसे चुकते केल्यावर उरलेली रक्कम प्रादेशिक परिषद आणि स्थानिक पथक यांच्यात विभागली जाते. पथकाचा वाटा संपूर्ण पथकाचा असतो, एखाद्या मुलीच्या नावावर तो जमा होत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी मुलांचा विचार करावाच लागतो. ज्याचे वडील अंबडच्या मोठ्या कारखान्यात अधिकारी आहेत, त्याचे पन्नास डबे एका दुपारी खपतात. ज्याची आई चार घरी स्वयंपाक करते, तो मुलगा आठवडाभर दारोदार फिरून दहा डबे विकतो. सूट पहिल्याला मिळेल आणि ट्रेक दुसऱ्याचा चुकेल. आपल्या शाळांतील स्काऊट-गाइड पथके ‘खरी कमाई’ करतात, तेव्हा श्रमाची किंमत मुलांना कळावी हा हेतू असतो, आणि आपणही तोच समोर ठेवावा. नफ्यातून सर्वांचे शुल्क सारखे कमी करा, आणि ज्यांना तेही परवडत नाही त्यांच्यासाठी काही रक्कम गाजावाजा न करता राखून ठेवा. जास्त विक्री करणाऱ्याचे कौतुक अवश्य करावे. प्रमाणपत्र द्यावे, पुढच्या वर्षी विक्रीप्रमुख करावे.

प्रश्न : फराळ घेणारे काही ग्राहक ८०-जी ची, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती मागतात. द्यावी का?

उत्तर : नाही. ग्राहकाने वस्तू घेतली आणि तिची किंमत दिली. ती देणगी होत नाही. कोणी खरेदीव्यतिरिक्त स्वेच्छेने रक्कम दिली, तर तेवढ्याच रकमेची वेगळी पावती करावी आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगी रोखीने दिल्यास सवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधी सांगावे.

प्रश्न : पंचवटीतील आमच्या शाखेने पेठ तालुक्यातील एका शाळेला ग्रंथालय देण्यासाठी बेदाणे आणि नागलीची बिस्किटे विकली. फलकावर तसे लिहिले होते. आता आमची मध्यवर्ती संस्था नफ्यातील १० टक्के प्रशासकीय वाटा मागत आहे.

उत्तर : ज्या कारणासाठी लोकांकडून पैसे घेतले, त्याच कारणासाठी ते वापरले पाहिजेत. फलक वाचून खरेदी करणाऱ्याशी आपण केलेला तो करार आहे, आणि नंतरच्या अंतर्गत परिपत्रकाने तो बदलता येत नाही. लायन्स क्लबांचा या बाबतीतील नियम आदर्श आहे : लोकांकडून उभारलेला निव्वळ निधी लोकोपयोगी कामासाठीच जातो, प्रशासनाचा खर्च सदस्यांच्या वर्गणीतून चालतो आणि दोन्ही हिशेब वेगळे राहतात. आपण मध्यवर्ती संस्थेला नम्रपणे लिहावे की यंदाची संपूर्ण रक्कम ग्रंथालयासाठी जाईल आणि पुढील वर्षी मध्यवर्ती वाटा ठेवायचा असल्यास तो फलकावर आणि कुपनांवर छापला जाईल. मध्यवर्ती कार्यालयालाही खर्च असतो, तो मागणे चूक नाही. ग्राहकाला न सांगता मागणे चूक आहे.

प्रश्न : माल उरला आणि तोटा झाला तर तो कोणी भरायचा? तसेच एवढ्याशा विक्रीला जीएसटी लागतो का?

उत्तर : नफ्यात वाटा घेणाऱ्याने तोट्यातही त्याच प्रमाणात वाटा उचलावा, आणि हे वाटणीच्या ठरावातच लिहावे. मुलांच्या खिशातून तोटा वसूल करणे कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही. फराळ शक्यतो अन्नसुरक्षा नोंदणी असलेल्या बचत गटाकडून घ्यावा आणि न खपलेले, मुदत शिल्लक असलेले डबे परत घेण्याची अट आधीच लिहून घ्यावी.

जीएसटीबाबत अनेकांचा समज चुकीचा असतो. केवळ वस्तूंची विक्री करणाऱ्यासाठी महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा वार्षिक ४० लाख रुपये असली, तरी ती उलाढाल संस्थेच्या पॅनवर एकत्र मोजली जाते, युवक शाखेची वेगळी मोजली जात नाही. संस्था आपले मंगल कार्यालय भाड्याने देत असेल, तर सेवांमुळे ही मर्यादा २० लाखांवर येते आणि मुलांचा छोटा स्टॉलही त्या बेरजेत धरला जातो. त्यामुळे विक्रीचा आकडा स्टॉल संपल्यावर आठवड्याच्या आत संस्थेच्या लेखापालाकडे गेला पाहिजे, आणि विक्रीची हिशेबवही देणग्यांच्या वहीपासून स्वतंत्र ठेवली पाहिजे.