लघवी लाल झाली म्हणून गोळ्या सोडल्या?

क्षयरोग केंद्रात एक तक्रार सतत कानावर येते: "मॅडम, गोळ्या फार गरम पडल्या. लघवी लाल होते." तोवर काहीजण गोळ्या बंद करून मोकळेही झालेले असतात.

हे रिक्षावाले दादा त्यांतलेच. ताप गेला, खोकला उतरला आणि गोळ्या चुकू लागल्या. हा रंग रिफॅम्पिसिन या क्षयाच्या औषधाचा, त्याने अपाय नाही, हे त्यांना आधीच सांगून झालं होतं. मान डोलवायचे, पुन्हा चुकवायचे. माझं ठाम मत आहे, माहिती कमी पडते म्हणून कोणी औषध सोडत नाही. त्याच्याकडे स्वतःचा पुरावा असतो. तो आधी ऐकावा लागतो.

"लाल दिसलं की मनात काय येतं?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "वडील डायलिसिसवर होते, त्यातच गेले. त्यांचंही असंच सुरू झालं होतं."

"आणि गोळी चुकते त्या दिवशी?"

"साफ होते ना! म्हणजे किडनी सुधारतेय."

"बरोबर पाहिलंत तुम्ही. गोळी घेतली की रंग येतो, चुकली की जातो. मग रंग किडनीचा की गोळीचा?"

ते थांबले. मग हसलेच. "म्हणजे साफ झाली त्या दिवशी अंगात औषधच नव्हतं."

हेच मी म्हणाले असते तर पुन्हा नुसती मान डोलली असती. गप्प बसणं या कामात सगळ्यात अवघड. मला ते आता बऱ्यापैकी जमतं. त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, कारण खंड पडल्यावर गोळ्या आपल्या मनाने पुन्हा सुरू करायच्या नसतात. रिफॅम्पिसिनने किडनीला इजा क्वचितच होते, आणि झालीच तर ती बहुधा सोडून-धरून गोळ्या घेणाऱ्यांना! शिवाय अर्धवट उपचारातून औषधाला दाद न देणारा क्षय उभा राहतो. साध्या क्षयाचे 6 महिने पुरे करायचेच, बरं वाटलं तरी.

घाम, थुंकी, अश्रूही केशरी होतात. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सवर कायमचे डाग पडतात. घाबरायचं ते डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला, भूक मेली, उलट्या सुरू झाल्या तर. ती यकृताची तक्रार, लगेच दाखवा. लघवीत जळजळ किंवा रक्ताच्या गाठी असतील तर तेही गोळीवर ढकलू नका.

बायका एक गोष्ट विचारायला लाजतात, म्हणून मीच सांगते: रिफॅम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा नसतो. निरोध किंवा तांबी याबद्दल डॉक्टरांशी बोला. मधुमेहाच्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्याही दाखवा. त्यांचाही असर कमी होतो.