एकाच तालुक्यात दोन देणगीदार असतील तर लाभार्थी दोनदा मोजले जाणं कसं टाळावं?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: गर्भवतींसाठी एक कंपनी सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, पोषण आहाराला पैसे देते, दुसरी संस्था तपासण्यांना देते, आणि दोघांना पाठवलेल्या आकड्यांची बेरीज तालुक्यातल्या एकूण गर्भवतींपेक्षा जास्त निघाली.

बेरीज झाल्यावर दुहेरी मोजणी काढता येत नाही, फार तर तिचा अंदाज बांधता येतो. म्हणून हे काम नावनिहाय यादीवर, लाईन लिस्टवरच करायचं. तिथे एक ओळ म्हणजे एक गरोदरपण. भेटी आणि तपासण्यांची शीट वेगळी ठेवा. दोन्ही एकत्र आल्या की चार तपासण्या झालेली एक बाई अहवालात चार बायका होते.

सर्वांत मोठा फुगवटा मात्र देणगीदारांमुळे नाही, तिमाह्यांमुळे येतो. समजा, वर्षाच्या सुरुवातीला यादीत 60 गर्भवती आहेत आणि चार तिमाह्यांत नव्या नोंदी 25, 30, 28, 22 झाल्या. प्रत्येक तिमाहीत सेवा मिळालेल्या बायका 85, 92, 94, 90 भरतात. ही बेरीज 361, पण खऱ्या बायका 60 + 105 = 165. म्हणजे 'नवीन नोंदी' तिमाही-तिमाहीने मिळवता येतात, 'सध्या सेवेत असलेल्या' मिळवता येत नाहीत; त्यांचा शेवटच्या तिमाहीचा आकडाच घ्यायचा. अमेरिकेच्या पेपफार या एड्सविरोधी मदत कार्यक्रमातही एचआयव्हीच्या औषधांवर नव्याने आलेले आणि सध्या औषधांवर असलेले असे दोन निर्देशांक याचसाठी वेगळे आहेत. आणि सुरुवातीचे 60 मागच्या वर्षीच्या अहवालात येऊन गेलेत. तीन वर्षांची बेरीज मागितली तर ते पुन्हा धरू नका.

दुसरी अडचण एकच बाई दोन ठिकाणी दिसण्याची. नोंदणी सासरच्या उपकेंद्रात होते, सातव्या महिन्यात ती माहेरी जाते, तिथली आशा नव्याने नाव घालते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबात तेच, गावी एक नोंद आणि कारखान्याच्या तळावर दुसरी. नावावर जुळवणी करू नका. एकीकडे सासरचं आडनाव, दुसरीकडे माहेरचं. काही घरांत लग्नानंतर पहिलं नावही बदलतात. इंग्रजीत लिहिलं तर 'दीपाली'तला 'दी' कुठे आय लावून, कुठे दोन ई लावून. जन्मतारखेवरही भिस्त नको, 1 जूनला जन्मलेल्यांची संख्या आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. फोन बहुधा नवऱ्याचा किंवा दिराचा असतो, त्यामुळे दोन जावांचा नंबर एकच निघतो.

मी हा क्रम ठेवतो: कार्डावरचा आरसीएच नंबर (सरकारी माता-बाल आरोग्य नोंदणीतला तिचा क्रमांक) आणि शेवटच्या पाळीची तारीख जुळली तर तेच गरोदरपण, नुसता नंबर जुळला तर आधीच्या खेपेची नोंद असू शकते. नंबर नसेल तर फोन जुळतो का आणि पाळीच्या तारखेत 14 दिवसांपेक्षा कमी फरक आहे का, ते पाहायचं. फोनही जुळत नसेल तर पहिलं नाव, सासर किंवा माहेरचं गाव आणि पाळीची तारीख. शेवटच्या दोन्ही गटांचा निर्णय संगणकावर सोडू नका, दोन्हीकडच्या आशाताईंना फोन करून विचारा. आधार नंबर गोळा करण्याचा मोह टाळा.

एक्सेलमधलं 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' वापरू नका. ते दुसरी ओळ उडवतं आणि माहेरी झालेली प्रसूती नेमकी त्याच ओळीत असते. त्याऐवजी 'मुख्य नोंद' असा रकाना करा, मूळ ओळीला 1, दुसरीला 0, आणि शेजारी 'कोणत्या ओळीशी जुळली'. मग त्या रकान्याची बेरीज म्हणजे तुमचा आकडा.

आता दोन देणगीदार. आहाराच्या यादीत 310, तपासणीच्या यादीत 420, दोन्हींत 140. दोघांनाही आपापला पूर्ण आकडा द्या, पण सोबत एक ओळ लिहा: 'यातील 140 महिलांना अन्य निधीतूनही सेवा मिळाली.' प्रकल्पाचा एकूण आकडा 590. आकडे निम्मे-निम्मे वाटून देण्याची पद्धत मला पटत नाही. अर्धी बाई कोणाच्याच अहवालात बसत नाही. नावं नसतील तर एकूण 420 ते 730 यांच्यामध्ये कुठेतरी आहे, एवढंच सांगता येतं. पेपफारचे आकडे गोळा करणाऱ्या डेटिम प्रणालीत एकाच केंद्रावर दोन संस्थांचे आकडे आले की बेरीज, मोठा आकडा किंवा स्वतः ठरवलेला आकडा असे तीन पर्याय ठेवले होते. बेरीज म्हणजे कोणीच सामाईक नाही असं मानणं, मोठा आकडा म्हणजे लहान यादी पूर्ण मोठीत आहे असं मानणं. खरं उत्तर सहसा मध्ये असतं. देणगीदारांना यादी दाखवावी लागली तर नावं काढून फक्त कोड द्या.

जनजागृती मेळाव्याची उपस्थिती लाभार्थ्यांत कधीच मिळवू नका, ती 'उपस्थिती' म्हणून वेगळी लिहा. 'अप्रत्यक्ष लाभार्थी' म्हणून प्रत्येक बाईला पाचाने गुणण्याची सीएसआरमधली सवयही टाळा. एका घरातल्या दोन जावा म्हणजे तेच कुटुंब दोनदा. आशांच्या प्रशिक्षणातही हजेऱ्या आणि माणसं वेगळी मोजा.

अहवाल पाठवताना त्या दिवसाच्या यादीची तारीख घातलेली प्रत कुलूपबंद ठेवा. नंतर उपकेंद्रातून उशिरा आलेली दुरुस्ती पुढच्या तिमाहीत दाखवा आणि सामाईक 140 चा हिशोब मात्र दर वेळी नव्याने करा, कारण दोनपैकी एक यादी बदलली की तोही बदलतो.