बलाढ्य देशांनाही तेच नियम लागू व्हायला हवेत का?

व्हायलाच हवेत, त्यात विचारण्यासारखं काय आहे. खरी गंमत पुढे आहे, त्यांनी नियम मोडला तर त्यांना जाब विचारणार कोण?

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाचं बघा. १९८४ ला अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संस्थेने त्यांच्या कोरिंतो वगैरे बंदरांत चक्क सुरुंग पेरले, त्यात मासेमारीच्या बोटी गेल्या, सोव्हिएत टँकरचं पण नुकसान झालं. एवढासा देश, गेला हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात. कोर्ट म्हणालं ही केस आम्ही चालवणार, तर अमेरिका उठून चालती झाली. २७ जून १९८६ ला निकाल अमेरिकेच्या विरोधात लागला, नुकसानभरपाई द्या म्हणून. आता हा निकाल कुणी पाळला नाही तर दाद मागायची संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे, आणि तिथे व्हेटो कुणाकडे? ऑक्टोबरमध्ये ठराव आला, ११ देश बाजूने, ३ तटस्थ, विरोधात एकटी अमेरिका, झाला ठराव फेल. म्हणजे ज्याच्यावर आरोप त्याच्याच हातात तुरुंगाची किल्ली! १९९१ ला तिथल्या नवीन सरकारने केस मागे घेतली, भरपाईची दमडी मिळाली नाही.

चीनने २०१६ ला वेगळं काय केलं? फिलिपिन्सने दक्षिण चीन समुद्राची केस आंतरराष्ट्रीय लवादात जिंकली, चीन सुनावणीला फिरकलाच नाही आणि निकाल मानत पण नाही. त्यावर अमेरिका चीनला उपदेश करते की निकाल पाळा, आणि ज्या समुद्री कायद्याच्या कराराखाली ही केस चालली, त्याला स्वतः मात्र आजपर्यंत मंजुरी दिलेली नाही.

मग लोक म्हणतात बळी तो कान पिळी, सोडा हो. पण मला ते पटत नाही, कारण आपलंच उदाहरण आहे. बंगालच्या उपसागरातली हद्द कुठे यावरून बांगलादेशने आपल्याला २००९ ला लवादात खेचलं, जुलै २०१४ ला निकाल आला, वादातल्या साधारण २५,६०० चौरस किमीपैकी १९,४६७ त्यांना गेले. लवादाच्या पंचांत आपले पी. एस. राव होते, त्यांनी काही मुद्द्यांवर असहमती नोंदवली, तरी सरकारने निकाल गपचूप मान्य केला. आपण फार साधू आहोत असं नाही, निकाल त्याच समुद्री कराराने बंधनकारक होता, पण बंधनकारक तर चीनवरचा पण होता ना.

आणि त्याच उपसागरातल्या ज्या न्यू मूर बेटासाठी (बांगलादेशवाले त्याला दक्षिण तालपट्टी म्हणतात) आपण १९८१ ला नौदलाचं जहाज पाठवलं होतं, ते बेट निकाल लागेपर्यंत पाण्याखाली गेलं होतं. ती जागा आपल्या वाट्याला आली, नुसतं पाणी.